एक तारखेचं फळांचं पाणी

बोथ, जि. आदिलाबाद
४ जानेवारी १९९१

ती. सौ. तुळजावन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. या थंडीत तुमचे गुडघे काय म्हणतात? मागे पाठवलेलं करंजाचं तेल संपलं असेल तर कळवा, इकडे उटनूरकडून येणारं चांगलं मिळतं. तुमचे भाऊ ते दुकानात विकतात, सगळ्यांना त्याचे गुण सांगतात आणि स्वतः रात्रभर कण्हतात, पण लावून घेत नाहीत. बाकी आम्ही सारे खुशाल आहोत. (खुशाल हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. पुढे वाचलंत की का ते कळेल.)

देवाजी कंडक्टरबरोबर तुम्ही किनवटहून पाठवलेला निरोप काल पोचला. त्याने तो दुकानासमोर बस थांबवून, खिडकीतून, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत सांगितला. म्हणाला, "तुळजाबाईनं इचारलं, बोथात आपल्या घरच्या बायका सोड्यातून पिऊन राह्यल्या, ते खरं हाय काय?" तुमच्या भावांच्या हातून साखरेचं माप सांडलं आणि बस निघून गेली. वन्सं, ते खरं नाही. सोडा होता, बाकी काही नव्हतं. पण माझ्या नुसत्या 'नाही'वर तुमचा विश्वास बसायचा नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते. चष्मा लावून निवांत वाचा, आणि भावजींना वाचून दाखवायचं असेल तर आधी एकट्या वाचा.

याची सुरुवात दिवाळीत झाली. मोठ्या भाऊजींचं वर्षश्राद्ध उन्हाळ्यात उरकलं, त्यामुळे घरात पुन्हा सण करायला हरकत नव्हती. पाडव्याला बायका हळदी-कुंकवाला येणार म्हणून थोरल्या जाऊबाईंनी, मालनबाईंनी, पहाटेपासून राबून फराळाची ताटं लावली. दारातली रांगोळीसुद्धा त्यांचीच. आणि ओसरीवर पहिल्या चपला वाजल्या तशा त्या पदराला हात पुसत उठल्या, मागच्या कापसाच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. कोणी जा म्हटलं नव्हतं. कोणी थांबाही म्हटलं नाही, मीसुद्धा नाही, कारण मला वाटलं काहीतरी आणायला गेल्या. नंतर दार वाजवलं तर आतून म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या." तेव्हापासून घरी कोणीही आलं, अगदी भाजीवाली गयाबाई टोपली टेकवायला आली, तरी जाऊबाई त्या खोलीत. ओसरीवर हसू ऐकू आलं की आतली कडी वाजते, हे मला ऐकवत नाही हो. मी या घरात आले तेव्हा माझ्या हातची भाकरी तव्यावर पडेपर्यंत तिचे तीन देश झालेले असायचे. ते फुटके देश सासूबाईंना दिसू नयेत म्हणून या बाई स्वतःच्या ताटात, खाली दडवून, वर आपली गोल भाकरी ठेवून जेवत असत. तुम्ही माहेरपणाला आलात की त्यांना म्हणायचात, मालन, तू फार जेवतेस. आठवतं?

तर माझ्या मनात असं आलं, की आपल्या प्रत्येक सणाचे नियम ठरलेले आहेत. कोणी यायचं, कोणी पुढे बसायचं, कोणी आत जायचं. त्या नियमांशी भांडायला माझी छाती नाही (कॉन्व्हेंटात शिकलेल्या सुनेने नियमांवर बोललं की 'तिथं हेच शिकवलं काय' हे तीस वर्षं ऐकते आहे). मग असा दिवस शोधावा, ज्याचा एकही नियम बोथमध्ये कोणाला ठाऊक नाही. तसा एकच सापडला. एक जानेवारी.

शेजारच्या मनकर्णाबाई तुम्हाला माहीत आहेत. शिंक आली तर कोणत्या वारी काय करावं हेही त्यांना पाठ आहे. बोलावणं करायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, पूजा कोणाची? म्हटलं, कोणाची नाही. कुंकू लावायचं का? नाही. ओटी? नाही. मग कोणाला बोलवायचं नाही? म्हटलं, असं या दिवशी काहीच नसतं, फळांचं पाणी प्यायचं आणि आपापल्या घरी जायचं. त्या बराच वेळ सुपारी कातरत राहिल्या. धरायला कुठे काही मिळेना, म्हणून शेवटी येते म्हणाल्या.

आता हे फळांचं पाणी. नागपूरच्या आमच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टा नाताळात ते करायच्या. एवढं मोठं काचेचं भांडं, त्यात संत्र्याचा रस, फळांच्या बारीक फोडी, आलं, लिंबू, थंड केलेला कोरा चहा आणि अगदी शेवटी सोडा. भांड्यावर दिव्यांचा उजेड पडला की आत रंगीत माशांसारख्या फोडी हलायच्या. तो वास मला अजून येतो, स्वयंपाकघरात एकटी असले की उगीचच येतो. संत्री मी नेरडीगोंड्याला हमरस्त्यावर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांकडून आणवली. डब्यातला अननस आदिलाबादहून आला. जांब (म्हणजे पेरूच), पपई आणि डाळिंबं इथलीच. सोड्यासाठी बाजारातल्या सोडावाल्या महिपतला त्याच्या गोळीच्या बाटल्यांची अख्खी पेटी घरी पाठवायला सांगितली. (ही माझी पहिली चूक. ती पेटी भर दुपारी, भर बाजारातून, मागच्या दाराने आत गेली.) चहा गाळताना तुमचे भाऊ आले. त्यांनी संत्र्याच्या रसाकडे पाहिलं, चहाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आज मी दुकानातच जेवतो म्हणाले.

भांड्याचं मात्र अडलं. काचेचं एवढं भांडं बोथमध्ये कुठलं? मी सासूबाईंचं पितळी घंगाळ चिंचेने घासून सोन्यासारखं केलं आणि रस ओतायला पातेलं उचललं, तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "आंबट हाय ना ते? पितळंत कळकन." वळून पाहते तर दारात कोणी नाही. आंबट पितळेत कळकतं, इतकं जुनं शहाणपण मी विसरले याची लाज वाटायची ती वाटलीच, पण त्याहून जास्त आनंद झाला. म्हणजे जाऊबाई बघत होत्या. शेवटी माणिकराव लग्नाची भांडी भाड्याने देतात त्यांच्याकडून मोठं स्टीलचं पातेलं आणलं. त्याला आधीच्या लग्नातल्या वांग्याच्या भाजीचा वास होता. राखेने घासलं, लिंबाने घासलं, उन्हात ठेवलं. तरी त्या पाण्याला मागून एक वऱ्हाडाची आठवण होतीच.

बायका जमल्या. कापसाच्या खोलीची कडी वाजली. मी दाराशी जाऊन म्हटलं, आज हळदी-कुंकू नाही, नुसतं पाणी आहे, या ना. कडी निघाली नाही. दुसऱ्यांदा हाक मारायचा धीर झाला नाही. मी परत येऊन पेले भरले, प्रत्येकात भरपूर फोडी पडतील असे, आणि वरून सोडा.

आणि इथे, वन्सं, माझं सगळं इंग्रजी शिक्षण पाण्यात गेलं. परक्या घरी पेला ओठाला लावायचा नाही, मान मागे टाकून वरून धार सोडायची, हे आपल्याकडे पोरीसोरींनासुद्धा शिकवावं लागत नाही. मी स्वतः गेली तीस वर्षं तशीच पिते. पण त्या वरून पिण्याच्या पाण्यात जांबाच्या आणि पपईच्या फोडी नसतात, हे मला सुचलंच नाही. वडीलधाऱ्या म्हणून पहिल्यांदा मनकर्णाबाईंनी पेला उचलला. धार छान आली. मग थांबली. आत फोडींचा बांध पडला होता. त्यांनी पेला हलवला. नाही. बुडाला टिचकी मारली. नाही. मग त्यांनी जरा जोरात थाप मारली, आणि सगळी बाग एकदम खाली आली. डाळिंबाचे दाणे नाकात, सोडा नाकात, अननस पोलक्यात. बाकीच्याही माना वर करून, पेले हवेत धरून बसलेल्या. त्यांना हसू फुटलं, आणि वरून पिताना हसलं की काय होतं ते तुम्हाला लिहायला नको. ओसरीभर शिंका, ठसके आणि चिकट लुगडी. मी पातेल्याशी डाव घेऊन उभी. सिस्टर बेनेडिक्टा वरून बघत असतील तर त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली असेल.

तेव्हा ती कडी वाजली. उघडताना वेगळी वाजते.

मालनबाई हातात पंचा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. कोणाला काही झालं म्हणून धावत आलेल्या, आणि आता पुढे यावं की परत जावं हे न कळून थबकलेल्या. समोरच मनकर्णाबाई, डोळे मिटून हात पुढे चाचपडत, आणि त्यांच्या कपाळावर, बरोबर कुंकवाच्या जागी, पपईची एक लाल फोड चिकटलेली. जाऊबाईंनी ती पाहिली. मग उंबरा ओलांडला, ती फोड दोन बोटांनी अलगद काढली, पंच्याने त्यांचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"रेणुका, हे प्याचं हाय का खायाचं, ते आंदी ठरव ना वं."

आणि हसल्या. वन्सं, मोठे भाऊजी गेल्यापासून मी ते हसू पाहिलं नव्हतं. तोंडावर पदर नव्हता. मनकर्णाबाईंनी डोळे उघडले, समोर कोण आहे ते पाहिलं. मला वाटलं, आता नियम आठवतील. पण त्या जराशा सरकल्या आणि म्हणाल्या, "बस ना वं मालन, उभी काऊन?"

जाऊबाई बसल्या. मग त्यांच्याच सांगण्यावरून पेले गेले आणि वाट्या-चमचे आले. सगळ्यांनी ते फळांचं पाणी खाल्लं. दिवेलागणीपर्यंत कोणी उठलं नाही. एवढंच झालं.

बाकी जे तुम्हाला किनवटला कळलं ते असं, की बायका घरी निघाल्या तेव्हा सोड्याने डोळे लाल झालेले, पदर ओले, शिंका थांबत नव्हत्या, मधूनच हसू येत होतं आणि पायऱ्या चिकट झाल्या होत्या म्हणून मनकर्णाबाई भिंत धरून चालत होत्या. त्याच वेळी महिपतचा माणूस रिकाम्या बाटल्यांची पेटी मागच्या दाराने बाहेर नेत होता. पानठेल्यावर बसलेल्यांनी हे पाहून काय समजावं? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते. मनकर्णाबाईंना या अफवेचा राग यायला हवा होता, पण त्या दोन दिवस जरा ऐटीतच चालत आहेत.

तरी झालं ते झालं. घराण्याच्या नावाला बट्टा लागला असं वाटत असेल तर बोल मला लावा, जाऊबाईंना नको. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
रेणुका

ता. क. घंगाळ सुखरूप आहे. चिंचेने घासल्यामुळे फक्त उजळलं आहे.

ता. क. संक्रांतीच्या दोन दिवस आधी देवाजीच्या बसने या. एक तारीख पंचांगाच्या नियमांत बसत नव्हती म्हणून मी निभावून नेलं. संक्रांत बसते. त्या दिवशी बायका येतील आणि जाऊबाई पुन्हा उठतील. आपल्या घरात हळदी-कुंकवाचं पहिलं बोट तुमच्या हातचं असतं. ते या वर्षी मालनबाईंना लावा. कुंकवाला तुमचं मन होत नसेल तर हळद लावा. तेही नको वाटलं तर नुसता हात धरून शेजारी बसवा. तुम्ही बसवलेल्या माणसाला उठवणारं बोथमध्ये कोणी नाही. पत्र मी याचसाठी लिहायला घेतलं होतं, वर बरंच लांबलं.

ता. क. सिस्टर बेनेडिक्टांच्या त्या पाण्याची चव मला माहीत नाही. ते पाहुण्यांसाठी असायचं. आम्ही वसतिगृहातल्या मुली दाराच्या फटीतून नुसतं बघायचो आणि वास घ्यायचो. म्हणून त्यात काय काय होतं ते मला इतकं पाठ आहे.

ता. क. कापसाच्या खोलीची आतली कडी मी दुरुस्तीला म्हणून सुताराकडे दिली आहे. तिला काहीही झालेलं नाही. त्याला सांगितलं आहे, संक्रांत होईपर्यंत सवड काढू नकोस.