हार्बिनहून आलेल्या विरजणाची व्यवस्था

मी, इन्नोकेंती साव्विच पेरफिल्येव, वय वर्षे एकाहत्तर, रेल्वे संस्थेतील पूलरचनेचा निवृत्त अध्यापक, राहणार चिता, माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था स्वहस्ते व स्वेच्छेने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टर फाईना लवोव्ना यांनी तपासून सांगितले आहे. हृदयाविषयी त्या तितक्या समाधानी नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतील बरणीत असलेले चहाचे विरजण, म्हणजे गोड चहा आंबवून त्याचे पेय करणारी सायीसारखी जाड चकती, मी स्वतः तपासले आहे. तेही शाबूत आहे. दोन्ही गोष्टी आरंभीच नमूद करतो, कारण दुसरीवरून घरात वाद झाला होता.

कलम पहिले. ही सदनिका व गावाबाहेरील बागेतील लाकडी खोली माझी कन्या रिम्मा हिला मिळावी. खोलीचे छप्पर उत्तरेकडून गळते. ते मला ठाऊक आहे, कोणी पुन्हा सांगू नये.

कलम दुसरे. गोठलेल्या नदीत मासेमारीसाठी भोक पाडण्याचे माझे गिरमिट शेजारी झारगाल दाशियेव यांना द्यावे. ते तसेही त्यांच्याकडेच असते.

कलम तिसरे. ज्या विभागप्रमुखांनी माझ्या पुलाची गणिते स्वतःच्या नावाने छापली, त्यांना काहीही देऊ नये. क्षमा करावी की नाही, हे मी माझी दिवंगत पत्नी आवगुस्ता हिला विचारणार होतो. ते राहून गेले.

कलम चौथे, जे मुख्य आहे. वर सांगितलेले विरजण माझ्या सासूबाईंनी चीनमधील हार्बिनहून आगगाडीने येताना मांडीवर धरून आणले. आमच्याकडे ते विकत नाहीत. हातून हाती देतात. सासूबाईंनी ते थोरली मुलगी कापितोलिना हिला न देता धाकट्या आवगुस्ताला, म्हणजे घरच्यांच्या गुताला, दिले. कारण सांगितले नाही. कापितोलिनाने ते कधी मागितले नाही, आणि आमच्या घरी त्याचा एक घोटही घेतला नाही.

माझी पत्नी आवगुस्ता गेली, तेव्हा रीतीप्रमाणे कापितोलिनानेच घरातील आरसे झाकले. बरणीच्या काचेतही चेहरा दिसतो, म्हणून तिने बरणीच्या तोंडावरचा जाळीचा फडका काढून प्लास्टिकचे घट्ट झाकण दाबले व वरून लोकरी शाल बांधली. हेतू शुद्ध होता. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचे जेवण होईपर्यंत शालीला कोणी हात लावला नाही.

शाल सोडली तेव्हा विरजण तळाशी गेले होते. त्याला तपकिरी धागे लोंबत होते आणि वास नाकाला झोंबत होता.

"मेलंय ते, भावोजी. ओता बेसिनमध्ये," कापितोलिना म्हणाली. "का आता काचेत ठेवून त्याच्यासमोर बसणार आहात?"

"या घरात कोण मेलंय ते मला माहीत आहे, ताई."

ती शाल घेऊन निघून गेली.

आवगुस्ता जे येताजाता सांगत असे, ते मी त्या दिवशी एकेक करून आठवले. वारसांनीही ध्यानात ठेवावे. बुडणे म्हणजे मरणे नव्हे. तपकिरी धागे हा रोग नव्हे. व्हिनेगरसारखा तीव्र वास ही भूक असते; कुजका वास निराळा, तो ओळखावा लागत नाही. मात्र वरच्या बाजूस कोरडी, केसाळ बुरशी दिसली, मग ती हिरवी, काळी वा पांढरी असो, तर पाण्यासकट सर्व टाकून द्यावे आणि त्या वेळी माझी आठवण काढू नये.

तशी बुरशी नव्हती. मी ते कोमट पाण्यात धुतले, साखर आधी विरघळवून पूर्ण निववलेला चहा घातला, जुने आंबट पाणी थोडे राखले, आणि फडका बांधला.

पुढे एका सकाळी खिडकीवर हिमाची नक्षी असताना पृष्ठभागावर एक पडदा दिसला. दुधावरच्या सायीहून पातळ, जवळजवळ नसल्यासारखा. पण काठापासून काठापर्यंत अखंड. मी आयुष्यभर दोन काठ जोडण्याचे शिक्षण दिले. आराखडा, आधार, मुकादम, यांवाचून सर्व काठांना एकदम पोहोचलेली रचना मी पाहिली नव्हती. श्वासाने मोडेल या भीतीने मी तोंडावर हात धरून उभा राहिलो. ही आवगुस्ताने न पाहिलेली पहिली साय होती.

म्हणून: ही नवी साय रिम्माला द्यावी. तळचा जुना, जाड थर कापितोलिनाला द्यावा. तो तिच्या आईचा आहे. अट एकच: घट्ट झाकण लावू नये.

हे कलम मी तिला वाचून दाखवले. मग तिने स्वतःच पेला पुढे केला, प्यायली, आणि म्हणाली, "आंबट झालंय. गुता एक दिवस आधी काढायची."

सदर सूचना मान्य असून ती या मृत्युपत्राचा भाग समजावी.

हे वाचून, समजून व बरणी प्रत्यक्ष पाहून आम्ही साक्षीदार सह्या करतो:
झारगाल बातोयेविच दाशियेव, शेजारी
फाईना लवोव्ना ब्रोन्स्काया, डॉक्टर

लिहून देणार: इ. सा. पेरफिल्येव
चिता, १७ फेब्रुवारी १९९६