मनोरा आधी, पाया शेवटी

दादा, तू ते पाच खिळे धड ठोकले असतेस तर आज माझ्यावर ही वेळ आली नसती, हे आधी सांगते, मग सलाम करते. सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाई पथ्य पाळायला लावते का, की तू तिचा डोळा चुकवून गोड खातोसच? मी ठीक आहे. कंबर दुखते, पण चर्चच्या एवढ्या फरश्या पुसून कोणाची दुखणार नाही! प्रभू तुम्हा सगळ्यांना सुखी ठेवो. आता चष्मा लाव आणि नीट वाच.

पाळकसाहेब झगा चढवतात त्या मागच्या खोलीतले पाच फोटो तुला आठवत असतील. ज्या पाळकांनी काही बांधलं त्यांनाच तिथे जागा. (नुसती प्रवचनं देऊन बदलून गेले त्यांना खिळा नाही. बरोबरच आहे.) खिळ्यांखाली भिंतीवर एक ते पाच आकडे रंगवलेले, आणि कोणी काय बांधलं ते ज्याच्या त्याच्या फोटोमागे लिहिलेलं, साल मात्र एकावरही नाही. तू एकेक फोटो उतरवून पुसायचास. तू लेकाकडे राहायला गेलास, किल्ल्या माझ्याकडे आल्या, आणि पहिल्याच साली मी पाचही एकदम उतरवले. एकेक काढत बसायला मला वेळ आहे का? परत लावताना बघते तर दोन खिळे डुगडुगताहेत. मग जड चौकटी पक्क्या खिळ्यांना, हलक्या डुगडुगत्यांना. यात माझं काय चुकलं? अकरा वर्षं एकानेही मान वर करून बघितलं नाही.

आता झालंय असं की सव्वाशे वर्षं पुरी होताहेत, पुढच्या महिन्यात बिशप येणार, म्हणून कमिटीने आपल्या अँग्लिकन मंडळीचा आणि चर्चच्या इमारतींचा इतिहास छापायचं ठरवलं. काम दिलं मास्तरांना. (तेच, ज्यांनी मला तिसरीत तीनदा बसवलं. चौथ्यांदा मीच गेले नाही.) जुनं दप्तर वाळवीने कधीच फस्त केलेलं. म्हणून मास्तर वही घेऊन त्या खोलीत आले, भिंतीवरचा आकडा उतरवून घेतला, फोटो उलटून मागचं लिहून घेतलं आणि गेले. स्टूल मीच धरलं होतं! वर चहासुद्धा दिला.

गेल्या मंगळवारी कमिटीत त्यांनी सगळं वाचून दाखवलं. मी कप गोळा करत होते, ती तशीच उभी राहिले. एक नंबरचे पाळक कोण, तर वादळात उडालेलं छत ज्यांनी परत घातलं ते. आता पहिल्याच पाळकांनी छत परत घातलं म्हणजे त्याआधी एक छत होतंच, म्हणजे चर्चही होतंच, असं म्हणून मास्तरांनी मंडळी पन्नास वर्षांनी जुनी केली. सव्वाशेची पावणेदोनशे! कमिटीने टाळ्या वाजवल्या आणि कापडी फलक बदलायला टाकला. दोन नंबरला रंगीत काचांवाले. तेव्हा भिंती नव्हत्या, म्हणून त्यांनी काचा पेट्यांत भरून भिंतींची वाट बघितली. त्या धड्याला नाव दिलंय 'दूरदृष्टी'. तीन नंबरला मनोरा, माळावर एकटाच. चार नंबरला पत्र्याची शेड! (तीच खरी पहिली, बाबा जेवता जेवता सांगायचे.) मास्तर म्हणतात, एवढं वैभव बघून या पाळकांना वैराग्य आलं आणि ते मंडळीला घेऊन शेडमध्ये जाऊन बसले. आणि पाच नंबरला, सगळं उरकल्यावर, पाया आणि भिंती. इथे पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. रविवारी त्यांनी प्रवचनच त्यावर केलं, की खरा पाया माणसाला शेवटीच सापडतो. अर्धी मंडळी रडली. मीपण रडले, पण माझं कारण वेगळं होतं.

अरे, ज्या छतवाल्या पाळकांनी तुला घंटेच्या दोराला लोंबकळताना पकडून कान पिळला, ते मास्तरांच्या पुस्तकात दीडशे वर्षांपूर्वी वारलेत! त्या छताची कौलं तू खांद्यावरून वाहिलीस. मास्तर त्यानंतर बदलीवर आले, त्यांना काय ठाऊक? आणि ठाऊक असलेलं इथे उरलंय कोण? एक ऑर्गनवाल्या मावशी, वय शहाऐंशी. त्या उठून म्हणाल्या, "अहो, माझं लग्न यांनीच लावलं." मास्तर गोड आवाजात म्हणाले, "मावशी, ते यांचे नातू असतील. चेहरेपट्टी तीच." झालं! आता मावशीच सगळ्यांना त्या नातवाच्या गोष्टी सांगत सुटल्यात. आजोबांपेक्षा उंच होता म्हणे.

शुक्रवारी सगळं छापखान्यात जातंय. बिशप शिकलेले आहेत, पायाआधी मनोरा उभा राहत नाही हे त्यांना कळणारच. मला तिसरी नापासला कळतं! चारचौघांत मास्तरांचं हसं होईल. माणूस खडूस आहे, पण दोन वर्षं डोळे फोडून लिहिलंय, आणि या वयात असं हसं कोणाचं होऊ नये. सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. नुसतं 'चुकलंय' म्हणून कसं भागेल? 'मग बरोबर काय ते सांग' म्हणून उभं करतील, वर्गात करायचे तसं. शेड पहिली, मग पाया, छत शेवटी, एवढं मला येतं. मनोरा आधी की काचा आधी, ते येत नाही. बाबांनी सगळं तुझ्याकडून पाठ करून घेतलं, माझ्या हातात नुसता झाडू दिला. तेव्हा क्रम लिहून पाठव. लांबड लावू नकोस, पाच ओळी पुरेत.

तुझी धाकटी, जिच्या गळ्यात किल्ल्या अडकवून तू सुटलास

ता. क. खिळ्यांचं वर लिहिलंय ते मनाला लावून घेऊ नकोस. आत्ताच ओढून बघितले, पाचही घट्ट आहेत. खरं सांगायचं तर मी चहा प्यायला बसते तिथून एक नंबरचाच फोटो समोर येतो. शेडवाले दाढीआडून अशी नजर रोखायचे की घोट घशाखाली उतरेना. त्यांना कपाटाच्या दाराआड धाडलं, आणि ज्यांनी बाबांना राहायला या दोन खोल्या दिल्या त्या छतवाल्यांना समोर घेतलं. बाकीचे उरल्या जागी.

आणखी एक, आणि हे मुख्य. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मास्तरांनी माझं नाव घातलंय. हिने फोटो जिवापाड जपले म्हणून हा इतिहास हाती लागला, असं. काल दाखवलं. बोट ठेवून मी स्वतः वाचलं, कुठे अडखळले नाही. आपल्या घरातलं छापून येणारं हे पहिलं नाव. (तुझं लग्नपत्रिकेत होतं, ते मी धरत नाही.) तेव्हा क्रम मला पाठवूच नकोस. सरळ मास्तरांना लिही, की पुस्तकाचं कानावर आलं, आणि किल्ल्या देताना फोटो मीच उलटसुलट लावून गेलो होतो, क्षमा असावी, बरोबर क्रम असा असा. तुला तिथे कोण काय करणार आहे? फार तर सून हसेल. इथे माझ्या किल्ल्या जातील, आणि ते पानही. मास्तरांना लिहिलेलं पत्र गुरुवारी त्यांच्या हातात पडलं पाहिजे, आणि ते टाकलंस हे मला बुधवारच्या टपालाने कळलं पाहिजे. 'बघू' असं लिहू नकोस. हो की नाही ते लिही.