किल्ली तुझ्याकडे आहे

तोमार, पोर्तुगाल
गुरुवार, १२ मार्च २००९

प्रिय शैल्या,

आम्ही तिघं मजेत आहोत. तू, शोभनावहिनी, मैथिली, सगळे बरे असाल. वहिनी आमच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्याला पाणी घालतायत ना? फिलोमिना रोज विचारते.

फातिमामातेचं दर्शन परवा झालं. आज या तोमारमध्ये नुसते हिंडतोय. गाव छोटं, मधून नदी, काठाला पांढरी घरं. खिडक्यांबाहेर खुशाल चादरी वाळत घातल्यात. तिकडे आखातात, आपल्या अल मजाजला, बाल्कनीत टॉवेल दिसला तरी बिल्डिंगचा माणूस वर येतो! पाट्यांवर सगळी आपल्या वसईची आडनावं. घड्याळजीच्या दुकानावर 'परेरा' वाचून फिलोमिना म्हणाली, "जा, काकांना भेटून ये." गेलो. म्हातारबुवांनी माझं आडनाव ऐकून हात हातात घेतला आणि बराच वेळ काहीबाही बोलले. एक शब्द कळला नाही, पण मला तिथे उभं राहवेना.

कुठेच राहवत नाही. एकाच गल्लीतून चौथ्यांदा गेलो तेव्हा मार्क वैतागला, "डॅड, वी ऑलरेडी सॉ धिस चर्च. व्हाय आर यू वॉकिंग सो फास्ट?"

फातिमाला मी एक मेणबत्ती लावली. कुणासाठी, म्हणून फिलोमिनानं विचारलं. तुझं नाव सांगितलं. "शैलेंद्रला काय झालंय?" म्हणाली. मी मेणबत्तीच सरळ करत बसलो.

शैल्या, निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सेक्शन में दो सीनियर नहीं चलेगा. यू ऑर हिम. जानेवाले का एक नाम दो, हबीबी, खलास." मी दहा मिनिटं मागितली. त्यांनी दिली. मी तुझं नाव लिहून दिलं.

त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये तू विचारलंस, "हिलरी, पुण्याची शाळा शनिवारपर्यंतच सीट ठेवणार आहे. मैथिलीची नववी तिथे करू की इथेच?" मी म्हणालो, "इथेच ठेव रे. सगळं ठीक होईल, इन्शाल्ला." तुला संशय येईल या भीतीनं बोलून गेलो. नाव दिलं त्यापेक्षा हे वाईट केलं.

रविवारी तुला एचआरमध्ये बोलावतील. तुझा व्हिसा रद्द झाला की वहिनींचा आणि मैथिलीचाही जाईल, वर जेमतेम महिन्याची मुदत. पोरीला ना तिथली शाळा राहील, ना पुण्याची. शनिवार परवाच आहे, तेव्हा हे वाचल्याबरोबर पुण्याला होकार कळव. मला शिव्या नंतर दे.

फोन दोनदा केला होता. "बोल परेरा, ऐश चाललीय ना?" म्हणालास आणि मी तुला नदीचं वर्णन ऐकवत बसलो. म्हणून हे कागदावर. हॉटेलातली मुलगी स्कॅन करून तुझ्या घरच्या मेलवर पाठवेल. ऑफिसच्या नाही.

माफी मागायला तोंड नाही. बुधवारी परत येतोय. आमच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे. मी आधी तुझी बेल वाजवणार होतो, नेहमीसारखी. दार उघडावंसं वाटलं नाही तर किल्ली खाली तय्यब वॉचमनकडे ठेव. मी त्याच्याकडून घेईन आणि वर जाईन.

तुझ्या शेजारचा,
हिलरी