माझ्या नावाचे गहू

४ सप्टें., मुक्ताईनगर
हात मोडला. उजवा, मनगटात. टेम्पोच्या पायरीवरून पडले. पायरी केवढी, वीतभर! समोर एक म्हातारा पोपट घेऊन बसलेला, त्या पोपटाकडे बघत उतरले अन् झालं. शेवंताअक्काच्या बांगड्यांचं खोकं माझ्याच काखेत होतं. बाजारोबाजार तिच्यासोबत हिंडते ना मी. एक बांगडी फुटली नाही. अक्का म्हणे, "मन्हा काचना माल साबूत अन् तुन्हं हाड मोडी गयं. तू कसानी बनेल शे वं रूपी?" आधी हसू आलं, मग रडू. गेल्या साली मांडी, औंदा हात.

७ सप्टें., जळगाव
मोठा दवाखाना. प्लास्टर. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. म्हणाली, एवढ्याशा पडण्यानं हाड कसं मोडलं? पाळी कधी सुरू झाली? म्हटलं, झालीच नाही. मग सांगून टाकलं सगळं. बाहेरून पोरगी, आत पिशवी नाही, पोटात पोरांना असतात तशा दोन गाठी. शाळेत असताना काढल्या. गावात सांगितलं हर्निया. सांगताना खाली बघत होते. वर बघितलं तर बाई लिहून घेत होती, जसं मला खोकला झालाय. "असं जन्माला येणारे बरेच असतात. तू एकटी नाहीस." हे आजपर्यंत मला कोणी...

असो. हात ठणकतोय. डाव्या हातानं लिहिणं म्हणजे कोंबडीचे पाय.

८ सप्टें.
हाडांचा स्कॅन झाला. हाडं साठीच्या बाईची! त्या गाठी हार्मोन बनवायच्या, हाडांना तेच लागतं. काढल्या तर बदल्यात गोळी रोज, पन्नाशीपर्यंत तरी. बाई विचारते, "तेव्हा दिली नव्हती का कोणी?" दिली होती. मायनं चुलीत घातली. मेडिकलवाल्याच्या बायकोनं तिला हटकलं होतं, बिनलग्नाच्या पोरीला पाळणा लांबवायच्या गोळ्या कशाला? पाकीट तसलंच दिसायचं. त्या दिवसापासून बंद.
आता परत सुरू. न चुकता घेतली तर पुष्कळ भरून निघेल म्हणते. पूर्ण? ते तिनं सांगितलं नाही.

२१ सप्टें., घरी, साक्री
मायनं पाकीट बघितलं. "आखो त्याच गोळ्या?" त्याच. "गाव काय म्हनी?"
नाना, माझे वडील, ओट्यावरूनच बोलले, "मांडी मोडनी ते गाव उचली का तिले?"
माय पीठ मळायला बसली. पण आज चूल पेटली तेव्हा पाकीट मी ब्लाऊजमध्येच ठेवलं. भरवसा नाही.

१२ डिसें., यावल
केळीच्या बागेत भरताचा बेत होता. अक्का पुढे गेली, मी मागे राहिले. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, वरून कच्चं तेल. कोणी म्हणालं उद्या पण थांब, थांबले. गोळ्या टेम्पोत. दोन दिवस चुकल्या.
अक्कानं धुतलं मला. "रानोमाळ पळता येस तुले, गोळी गिळता येत नही?" आता पाकीट खोक्याला दोरीनं बांधलंय. रोज सकाळी ती आधी मला गिळायला लावते, मग धंदा. डॉक्टरीणबाईनं चालणं पण सांगितलंय. ते तर मला सांगायलाच नको.

३ मार्च, जळ.
माय सोबत आली! बाईनं तिला सगळं चित्र काढून समजावलं. माय ऐकत होती, मग आवाज एकदम खाली, "बाई, ही पोरगीच शे ना?"
बाई म्हणे, "तिलाच विचारा की."
मायनं माझ्याकडे बघितलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा विचारलं तिनं. "शे," म्हटलं. "पहिलेपासून शे."
खाली मेडिकलमध्ये गर्दी. माय पुढे घुसली अन् ही एवढ्या मोठ्यानं, "मन्ही पोरन्या हाडेसन्या गोळ्या द्या!" सगळे बघायला लागले. बघेनात का.

९ ऑग., जळ.
स्कॅन परत. सुधारलं! बाई म्हणाली अजून मजल बाकी आहे, पण आकडा वर चढलाय, चांगला चढलाय. टेबलावर हात आपटला मी, तोच, मोडलेला. ती दचकली, मग दोघी हसलो. आनंदात चुकीच्या गाडीत बसले, पारोळ्याऐवजी भुसावळला पोचले. जाऊ दे. भजी खाल्ली तिथं.

१६ ऑग., घरी
श्रावणातली देवी कानबाई, तिच्या नैवेद्याच्या जाड पोळीचे, रोटाचे, गहू मोजले. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. पोरींची नाही. आबा, म्हणजे नानांचे मोठे भाऊ, मोजत होते. शेवटी दात काढून म्हणे, "हाई रूपीनं काय करानं? हिन्ही अर्धी मूठ धरूत का?" चुलते हसले. त्यांना हर्नियाचं खरं माहीत आहे.
मी उठणारच होते. पण माय आधी उठली. "बठ्ठी धरा, पुरी सव्वा मूठ. पोरनी म्हनीसन धरा. अन् औंदापासून घरन्या बठ्ठ्या पोरीसन्या धरा."
आबा नानांकडे बघतात. नाना म्हणे, "रूपी, तूच टाक."
उजवा हात घातला पोत्यात. घट्ट आवळला. एक दाणा सांडला नाही. मग पाव मूठ वर. माझ्यामागे चुलतबहिणी रांगेत, खिदळत. आबा उठून गेले. रोट मोठा झाला, भाजताना फुटेल म्हणत होते. नाही फुटला.

२२ ऑग.
डॉक्टरीणबाईंचा फोन. पाचोऱ्याला एका बाईला लेकरू झालंय, माझ्यासारखं काहीतरी. सासरचे म्हणतात लगेच कापाकापी करून टाका, बारशाच्या आधी. लेकराला धोका काही नाही, घाई फक्त लोकांची. बाई म्हणे, त्या आईला तुझ्यासारख्या कोणाशी बोलायचंय, येशील? नाव कुठे जाणार नाही.
मी काय बोलणार? मला नीट सांगता येत नाही, मधेच दुसरीकडे जाते.
माय भाकरी थापत होती, ऐकत होती. "मी बी येसू," म्हणे. "त्या मायसंगे मी बोलसू. तू लेकरूले मांडीवर घी."
सकाळची एस.टी. ती लेकराची आई ऐकेल की नाही, देव जाणे. मायनं लुगडं काढून ठेवलंय, तिचं चांगलं.