ड्यूक घोड्याची व माझ्या घराची व्यवस्था

मी, पौर्णिमा चंद्रभान गावंडे, वय ७२, अविवाहित, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार अंजनगाव रस्ता, अमरावती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. भाचा कुलदीप याने आणून पाहिला, जमले नाही.

१. ड्यूक हा पुण्याच्या शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा. अकरा शर्यती धावला, सर्वांत वरचा क्रमांक चौथा. माझा भाऊ शेखर याने तो हौसेने घेतला आणि मागे ठेवून गेला. तेराव्याचे जेवण होताच कुलदीप म्हणाला, "आत्या, आता त्याचा काय उपयोग? सुई देऊन मोकळं करू." मी विचारले, "निवृत्त मीही आहे. मला कधी देतोस?" ड्यूक ट्रकने माझ्याकडे आला.

२. पुढे कुलदीपचे लग्न अकोल्यात ठरले, तेव्हा त्याला घोड्याचा उपयोग आठवला. "घरचा घोडा असताना भाड्याचा कावून?" मी बजावले होते की ड्यूक जन्मभर शर्यतीत उजवीकडेच वळला आहे, डावीकडे वळत नाही. शाळेतही कुलदीपने माझे कधी ऐकले नव्हते.

मंगल कार्यालय डाव्या हाताला होते. वरातीने त्याच चौकाला सहा फेऱ्या मारल्या. बँडवाल्यांची गाणी संपली. मुहूर्त टळला. कुलदीप वरून ओरडत होता, "अबे, कोणी थांबवा याले!" शेवटी नवरी वर्षाली शालू सावरत रस्त्यावर आली. तिने ड्यूकला गूळ दिला, लगाम धरला आणि म्हणाली, "चौक सोडून पुढं चला. तीनदा उजवीकडे वळलं का डावीकडेच जाते नं!" दहा मिनिटांत वरात दारात.

दुसऱ्या दिवशी कुलदीपने ड्यूकला विकण्यासाठी गिऱ्हाईक आणले. म्हणून पुढील कलम.

३. माझे राहते घर, लगतची दीड एकर जागा, तबेला, बँकेतील ठेव आणि ड्यूक हे सर्व मी भाचसून वर्षाली हिला देते, कुलदीपला नाही. अट एवढीच, की ड्यूकला विकू नये, वरातीला देऊ नये व धडधाकट असताना सुई देऊ नये. तो आपल्या मरणाने गेल्यावर अट संपेल.

४. भावजय सीमा म्हणाली होती, "बाई, लग्न केलं असतं तर घोडा पाळायची वेळ आली नसती." तिचा स्टीलचा डबा तिला परत द्यावा. झाकण सापडले नाही. शोधलेही नाही.

५. कुलदीपला त्याचा फेटा, ड्यूकने चावलेल्या स्थितीत, आणि लीद उचलायचे फावडे. फावडे नवे आहे.

हे सारे वर्षालीला वाचून दाखवले. ती हसली, मग गंभीर होऊन म्हणाली, "आत्याबाई, ड्यूकचं मी पाहते. पण आमच्या ह्यायचं काय करू?"

मी सांगितले, "तेच. गूळ दे, लगाम धर आणि तीनदा उजवीकडे वळव."

स्थळ : अमरावती
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही : पौर्णिमा चंद्रभान गावंडे

आमच्या दोघांच्या समक्ष सही केली :
१. डॉ. अंकुर खंडारे (जनावरांचे डॉक्टर, माझ्या शुद्धीबद्दल यांचे मत विचारलेले नाही)
२. रश्मी तायडे (शेजारीण, ड्यूकने हिची मेथी दोनदा खाल्ली, तरी सही केली)