न डगमगणारा गुडघा

अणदूर, १९८७

डॉक्टरसाहेबांस नमस्कार. हे पत्र टपालात टाकीनच असं न्हाय.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून माझे दोन्ही गुडघे गेले. तुमी टेबलावर दोन लोखंडी गुडघे ठिवले. बिजागरीचा डगमगत न्हाय पर कमी वाकतो, सुट्या भागांचा जास्ती वाकतो पर डगमगू शकतो, असं म्हणालात. म्या बिजागरीचा मागितला. उजव्या पायात तो पक्का बसलाय.

परवा माझी आई गेली. तिला भुईवर निजवलं होतं. लेकीनं जवळ बसून तोंडात पाणी सोडायचं असतं. उजवा गुडघा पुरता वाकंना, मला बसता आलं न्हाय. उभ्यानंच वतलं, ते तिच्या गालावर सांडलं. रडू आलं न्हाय.

डाव्या गुडघ्यासाठी तुमचं बोलावणं आलंय. तो डगमगतो, पर वाकतो, तसाच ऱ्हाऊ द्या. माहेरी अजून बाप हाय, उजवा पाय पसरून भुईवर बसायला शिकीन.

पुतळाबाई