तळघरातलं यंत्र दोघांनीच उचलावं

मी ब्रोनिस्लावा ग्झेलाक, कॉन्राडची विधवा, राहणार शिकागो, हे माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही करायला गुडघे लागत नाहीत. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही, आणून बघावा. आधी काही लिहिलं असेल ते रद्द.

१. घर नात डोरोटाला. ती मला बुशा, म्हणजे आजी, म्हणते आणि सांगितलेलं ऐकते. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या थोरल्याला, मला हाक मारणं आणि माझं ऐकणं दोन्ही जड जातं. वरच्या भाडेकरूला काढू नये. अकॉर्डियन भयंकर वाजवतो, पण दारातला बर्फ तोच उपसतो.

२. बँकेत असेल त्यातून माझ्यामागचं जेवण घालावं. सॉसेज, कोबी आणि आलुबुखाराची दारू. मोठ्याने रडणाऱ्याला शेवटी वाढावं. उरेल ते दोन्ही मुलांना सारखं.

३. खिळे ठोकलेली माझी फळी थोरल्या सुनेला. तिने लग्नात विचारलं होतं, "सासूबाई काय करतात नक्की?" तर बाई, याच फळीवर मी तारांच्या वेण्या घालत होते. आमच्या ग्झेलाक कंपनीच्या, नाणं टाकून गोळी उडवायच्या पिनबॉल यंत्रांवरची बायकांची चित्रं कॉन्राड मिरवायचा, पण त्या चित्रांमागचा दिवा लागायचा माझ्या वेणीने. आमची यंत्रं पॅरिसच्या कॅफेत गेली. इथे मात्र जुगार म्हणून ती खेळायला बंदी. बनवायची शिकागोने, खेळायची जगाने. कारखान्यात आम्ही खेळायचो त्याला तपासणी म्हणायचं. माझ्याइतकी तपासणी कोणीच केली नाही.

४. पितळी लंबक डोरोटाला, गळ्यात घालायला. खेळणाऱ्याने यंत्र धसमुसळेपणाने ढकललं की हा आतल्या कडीला लागतो आणि डाव संपतो. आमचाही यानेच संपवला. बंदी उठली आणि मागोमाग पडद्यावरचे खेळ आले. थोरला लुडविक म्हणाला, आपणही तेच करू. केलं. पेट्या तयार झाल्या आणि आमच्या लोकांनी सवयीने त्यांतही लंबक टांगला. पडद्यावरची गोळी पेटी ढकलून कुठे जाणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बारमधल्या माणसाने नुसतं कोपर टेकलं तरी खेळ बंद. सगळ्या पेट्या परत आल्या.

"फेल्या, तू मुद्दाम टांगायला लावलास," लुडविक धाकट्या फेलिक्सला म्हणाला.

"आराखडा तुझा, सही तुझी, दादा. मी फक्त हसलो."

"हसलास ना? मग झालं."

कारखान्याला कुलूप लागलं तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. नाताळच्या जेवणात मीठसुद्धा माझ्यामार्फत मागतात. मी मेल्यावर अळणी खाणार आहेत का?

५. तळघरातलं यंत्र हे आमचं शेवटचं. लुडविकला ते जुनी यंत्रं जमवणाऱ्या शौकिनाला विकायचंय, फेलिक्सला त्याच्या बारमध्ये ठेवायचंय. दोघांचंही मला वेगवेगळं गाठून गोड बोलून झालं. तर यंत्र दोघांचं. विकायचं नाही. एक वर्ष थोरल्याकडे, एक वर्ष धाकट्याकडे, आणि दर ईस्टरला दोघांनी स्वतः उचलून न्यायचं. हमाल नको, मुलं नकोत. एकट्याला ते उचलवत नाही, कॉन्राडने कंबर मोडून घेऊन खात्री केली होती. नाही म्हणालात तर ते ओल्शेव्स्कीच्या बारला, ज्याने आपल्या पेट्या सगळ्यात आधी परत पाठवल्या.

तळघराचा जिना अरुंद आहे आणि वर वळण आहे. "धर", "थांब", "वळव" एवढं तरी एकमेकांना म्हणावं लागेल. पहिल्या वर्षी मला तेवढं पुरे.

वळणावर दारात अडकेल. तेव्हा खुशाल ढकला, आदळा, एकमेकांच्या नावाने शिव्या द्या. लंबक मी आधीच काढून घेतलाय.

हे दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली. त्यांना यातून काही मिळत नाही. हालिनाने माझं पातेलं परत करावं.

सही: ब्रोनिस्लावा ग्झेलाक
साक्षीदार: हालिना दुदेक, शेजारीण (पातेलं परत केलेलं आहे. हा. दु.)
साक्षीदार: झ्बिग्न्येव पाहुल्स्की, खाटीक

शिकागो, ९ ऑक्टोबर १९९५